गवई आणि नट : बालगंधर्वांच्या कारकिर्दीचा एक विचार

मोठ्या माणसाचे नाव झाले म्हणजे त्याच्या बालपणावर हक्क सांगणारी गावेही पुढे येतात. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्यावर पुण्याचा हक्क आहे, सांगलीकडील नागठाण्याचा आहे, किर्लोस्कर मंडळीत त्यांचे पहिले पाऊल पडले त्या मिरजेचा आहे. आणि आमच्या खानदेशातील जळगावचाही आहे. जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे व त्यांच्याच नावाने तेथे संगीत महोत्सव भरत आला आहे. या अभिमानात वावगे काही नाही. परंतु अभिमान ही टीका नव्हे. जळगावाने या मुलास काय दिले, आणि जे दिले त्याचे पुढे रंगभूमीवर काय झाले, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. तो विचारला असता बालगंधर्वांच्या एकंदर कारकिर्दीचे मर्म हाती लागते, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणाचा काही काळ तो जळगावी आप्तांकडे राहिला, आणि तेथेच मेहबूबखाँ या गवयापाशी त्याला गाण्याचे पहिले धडे मिळाले. जळगाव हे तेव्हा रेल्वेमुळे आणि कापसाच्या व्यापारामुळे वाढू लागलेले गाव होते. अशा गावी एका ब्राह्मण मुलाने एका मुसलमान गवयापुढे बसून सूर लावावयास शिकावे, यात त्या काळच्या संगीताच्या जगात नवल असे काही नव्हते. पण पुढील इतिहासाच्या दृष्टीने ती गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण येथे मुलाने जे घेतले ते गाणे होते, नाटक नव्हे. १८९८ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकून त्याला 'बालगंधर्व' म्हटले, असे परंपरेने सांगतात. ती हकीकत अक्षरशः खरी धरा अगर न धरा, तिच्यातील अर्थ खरा आहे : जगाने त्याला प्रथम ओळखले ते गाणारा म्हणून. नट तो पुढे झाला. जळगावात घडला तो गवई. हा गवई आणि मागाहून आलेला नट यांचा संसार कधी सुखाचा झाला, कधी मोडला, हीच आमच्या मते बालगंधर्वांच्या पन्नास वर्षांची कथा होय.

या संसाराचे लग्न लावले ते किर्लोस्कर नाटक मंडळीने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली व 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, आणि मराठी नाटकात सूत्रधारासच नव्हे तर प्रत्येक पात्रास स्वतःचे गाणे स्वतः म्हणण्याचा अधिकार मिळाला. या मंडळीचा कंठमणी भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारला. तेव्हापासून मंडळी नायिकेच्या शोधात होती. १९०५ साली, शाहू महाराजांच्या आश्रयाने व प्रयत्नाने, सतरा वर्षांचा नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. मुलाचे रूप देखणे होते, गळा तयार होता. उणीव होती ती अभिनयाच्या शिक्षणाची. ते शिक्षण देणारा माणूस मंडळीच्या भाग्याने जवळच होता. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जेवढे मोठे, तेवढेच तालीममास्तर म्हणूनही मोठे. 'शारदा' लिहिणाऱ्या या माणसाची भाषा बोलण्याची भाषा होती, आणि पदातील शब्दही बोलल्यासारखा उमटला पाहिजे, ही त्याची दृष्टी होती. गाण्याने गाणे वाढवावे हे नारायण जळगावाहून घेऊन आला होता. गाण्याने बोलणे वाढवावे, हे त्याने या शाळेत शिकून घेतले.

या दोन विद्यांचा मिलाफ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगात लोकांपुढे आला. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत नटाच्या कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून आजवर पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. आम्ही येथे पाहणार आहोत ती त्यांच्या गाण्याची रीत. टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाच्या, लडिवाळ, वळणावळणाच्या चाली आणल्या होत्या. सामान्य गवयाच्या हाती त्या नुसत्या गोड झाल्या असत्या. बालगंधर्वांनी काय केले? त्यांनी पदाचा पहिला शब्द आधीच्या संवादाच्या शेवटच्या शब्दाला जोडून घेतला. भामिनी बोलता बोलता गाऊ लागते, पण तिने गाणे केव्हा सुरू केले हे श्रोत्याच्या ध्यानात येईपर्यंत पदाची एक ओळ संपलेली असते. तान येते ती शब्दाला मोडीत नाही. शब्दाच्या अंगाने चढते आणि पुन्हा त्याच शब्दावर येऊन टेकते. लय तर त्यांच्या रक्तातच होती. समेवर येण्याची त्यांना कधी घाई झाली नाही, आणि उशीरही झाला नाही. मोठमोठे वादक, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा, ऑर्गनवर कांबळे, पुढे त्यांच्या साथीला बसले. थिरकवांसारखा हिंदुस्थानात नावाजलेला तबलिया एका नाटक मंडळीत राहतो, यावरूनच त्या गाण्याच्या लयीचा अंदाज रसिकांनी करावा.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीची पहिली सहा-सात वर्षे मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातील सुवर्णकाळ म्हणून गणली जातात, आणि ते योग्यच आहे. १९१६ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी देवलांचे 'संशयकल्लोळ' आले आणि खाडिलकरांचे 'स्वयंवर'ही आले. 'संशयकल्लोळ' हे हलक्याफुलक्या चतुर संवादाचे नाटक. त्यातील रेवतीला गाणे आहे, पण बोलणे त्याहून अधिक आहे. 'स्वयंवरा'तील रुक्मिणीचे तसे नाही. तिच्या पदांस भास्करबुवा बखल्यांनी भारदस्त रागदारीच्या चाली दिल्या. भास्करबुवा हे बालगंधर्वांचे गुरू, आणि त्या काळच्या श्रेष्ठ गवयांपैकी एक. भीमपलास, यमन, अशा रागांना त्यांनी नाट्यपदाच्या चार ओळींत बसविले, आणि जे सामान्य गृहस्थ गवयाच्या बैठकीकडे फिरकले नसते ते घरी, ओसरीवर, हे राग गुणगुणू लागले. मराठी मध्यमवर्गाला अभिजात संगीताचा कान 'स्वयंवरा'ने दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु याच नाटकात पुढील संकटाचे बीजही आहे. भामिनीचे पद ती बोलत असलेल्या वाक्याचे पुढचे पाऊल असते. रुक्मिणीचे पद हे स्वतःच एक स्थान असते. तेथे श्रोता बसून राहू इच्छितो. कृष्णाची वाट पाहणारी रुक्मिणी ऐकता ऐकता कृष्ण आला काय आणि न आला काय, इकडे त्याचे लक्ष उरत नाही. भास्करबुवांच्या चालीत एवढे ऐश्वर्य होते की, नटाच्या अंगचा संयम सुटताच गवयाने सारे घर बळकावावे. १९१६ मध्ये हा संयम होता. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये देवल वारले, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी.

नट आणि गवई यांचा सर्वांत पूर्ण मेळ आम्हांस दिसतो तो १९१९ च्या 'एकच प्याला'त. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटकाचा पहिला प्रयोग महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीला, बडोद्यास झाला. पदे लिहावयास गडकऱ्यांना आयुष्य उरले नव्हते. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. शालू-पैठण्यांत वावरणारी गंधर्वांची नायिका या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून आली. दारूच्या पायी घर बुडालेले, माहेरच्या ऐश्वर्याकडे पाठ फिरवून सिंधू लोकांचे दळण दळते आणि मूल जगविते. येथे गाण्याला मिरवावयास जागाच नाही. सिंधूचे गाणे कोणाला ऐकविण्यासाठी नाही. ते पाळण्यातील मुलासाठी आहे, देवासाठी आहे, अथवा नुसते स्वतःचे मन आवरण्यासाठी आहे. अशा गाण्यात तान लांबली तर ती खोटी होते. समोर गणपतराव बोडसांचा सुधाकर, ज्याला गाण्याचा आधार नव्हता, केवळ बोलण्याचा आणि अभिनयाचा होता. अशा तोलाचा गद्य नट समोर उभा असता गवयाला बेभान होता येत नाही. सिंधूची भूमिका ज्यांनी पाहिली त्या पिढीने तिच्याविषयी जे लिहून ठेवले आहे त्यात गळ्याच्या कौतुकाइतकेच, किंबहुना अधिक, त्या ठिगळांच्या पदराचे, नजरेचे आणि बोलण्याचे कौतुक आहे. आमच्या दृष्टीने त्यांच्या यशाची हीच खरी साक्ष.

सिंधूच्या जात्याविषयी लिहिताना खानदेशच्या वाचकास दुसऱ्या एका जात्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. नारायण राजहंस ज्या काळात जळगावी सूर लावावयास शिकत होता, त्याच सुमारास जवळच्या असोद्याची एक मुलगी सून होऊन जळगावी आली. ती म्हणजे बहिणाबाई चौधरी. तिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपुढे, शेतात, तिला आपल्या लेवा बोलीत गाणी सुचत आणि ती म्हणे. ऐन तारुण्यात तिला वैधव्य आले. मुलाने व एका नातलगाने जी टिपून ठेवली तेवढी गाणी उरली, आणि ती पुस्तकरूपाने १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या खटपटीने बाहेर आली. तोपर्यंत ती स्वतः, ३ डिसेंबर १९५१ रोजी, निघून गेली होती. एकाच गावचे हे दोन कंठ. एक पुरुषाचा, जो स्त्रीचे दुःख संस्कृतप्रचुर पदांतून गाऊन साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ओले करी. दुसरा प्रत्यक्ष त्या दुःखात दळण दळणाऱ्या स्त्रीचा, जो घराच्या उंबऱ्याबाहेर कोणी ऐकला नाही. ही तुलना बालगंधर्वांस कमी लेखण्यासाठी आम्ही केलेली नाही. त्या काळच्या शिष्ट समाजास स्त्रीचे मन ऐकावयाचे होते, पण स्त्रीच्या तोंडून ऐकावयाचे नव्हते; ही सोय बालगंधर्वांच्या गळ्याने केली. सिंधूत त्यांनी ती सोय प्रामाणिकपणे केली, दुःखाला दागिना केला नाही, म्हणून ती भूमिका बहिणाबाईच्या जात्याशेजारी ठेवली तरी लाजत नाही. इतर किती भूमिका तशा ठेवता येतील, हा प्रश्न मात्र कठीण आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग हा बालगंधर्वांच्या लौकिकाचा कळस मानतात. ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. केशवरावांचे गाणे तेजस्वी, चढाईचे. गंधर्वांचे आर्जवी, मुरड घेणारे. दोन गायनपद्धती एकाच नाटकात समोरासमोर उभ्या राहिल्या आणि लोक धन्य झाले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. त्या रात्रीचे सुख आम्ही कोणाकडून हिरावून घेऊ इच्छीत नाही. तथापि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या रात्री लोक 'मानापमान' पाहावयास गेले नव्हते. ते दोन गळे ऐकावयास गेले होते. नाटक हे निमित्त झाले. संगीत नाटकाच्या वैभवाची ती रात्र आणि त्याच्या ऱ्हासाची पहिली स्पष्ट खूण, या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

यापुढील काळात बालगंधर्वांभोवतीचे आवर घालणारे हात एकेक करून नाहीसे झाले. देवल गेले, गडकरी गेले, १९२२ साली भास्करबुवाही गेले. टेंबे आधीच वेगळे झाले होते. बोडसही सोडून गेले. मंडळीचे मालक आता बालगंधर्व एकटे, आणि त्यांच्याच शिरावर कर्जाचा डोंगर. १९२० च्या 'द्रौपदी'साठी त्यांनी नेपथ्य व वेशभूषा यांवर केलेला खर्च हा त्या काळी दंतकथेचा विषय झाला होता. त्यांचे औदार्य राजाचे होते, हिशेब मात्र कोणाचाच नव्हता. 'आपल्याकडे येणाऱ्या रसिकास सर्वोत्तम तेच द्यावयाचे' या बाण्याने त्यांनी अत्तर, गालिचे, पडदे, वादक यांवर पैसा उधळला. फेड करावयाची तर प्रयोग लावले पाहिजेत. प्रयोग भरावयाचे तर लोकांना हवे ते दिले पाहिजे. आणि लोकांना हवे होते गाणे.

येथे प्रेक्षकांचा, म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांचा, विचार करणे प्राप्त आहे. वऱ्हाड-खानदेश हा नाटक मंडळ्यांच्या फिरतीचा नेहमीचा मुलूख होता. भुसावळ-जळगावची मोठी लाईन होतीच. १९०० साली चाळीसगावाहून धुळ्यापर्यंतही रेल्वे आली आणि पडदे, पेट्या, माणसे घेऊन मंडळीने धुळे-जळगाव गाठणे सोपे झाले. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली. कचेऱ्या, वकील, शाळा, कापसाचे व्यापारी यांनी गजबजलेल्या अशा गावांत नाटकाचा प्रेक्षक आपोआप तयार होता. मुंबई-पुण्याच्या रसिकास गंधर्व पुनः पुनः ऐकावयास मिळत. फिरतीवरच्या गावातील माणसाला ती संधी वर्षा-दोन वर्षांनी एकदा यावयाची. त्याने एकाच रात्री सारे लुटून घ्यावे, एका पदाला तीन-तीन वेळा वन्समोअर द्यावा, यात मनुष्यस्वभावाला धरून नाही असे काय आहे? परंतु एकेकट्याच्या निष्पाप हावेतून कलेची जी हानी होते ती थोडी नसते. पतीने टाकलेली स्त्री रंगभूमीवर शोक करीत आहे, टाळ्या पडतात, ती तोच शोक पुन्हा आरंभापासून करते, पुन्हा टाळ्या, पुन्हा तोच शोक. दरम्यान तिचा पती, सासरा, दासी, सारी पात्रे हात जोडून तिष्ठत आहेत. मागणीबरहुकूम तिसऱ्यांदा होणारा शोक शोक राहत नाही. ती चीज होते. नाटक पहाटेपर्यंत चाले ते यामुळेच.

यावर कोणी म्हणेल की, मग बिघडले काय? गाणे तर थोरच होते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्या रात्री ज्यांनी ऐकल्या त्यांनी जन्मभर पुरेल एवढा आनंद घेतला, आणि एखाद्या कलावंताने लोकांस एवढा आनंद दिला तर त्याला शास्त्रार्थाच्या कोर्टात उभे करणारे आम्ही कोण? आमचे म्हणणे इतकेच : बैठकीत गवई स्वतःच्या नावाने गातो, म्हणून त्याला रागाचा विस्तार हवा तेवढा करता येतो, रंगभूमीवर तो दुसऱ्याच्या नावाने गातो. सिंधूच्या नावाने, रुक्मिणीच्या नावाने. दुसऱ्याचे दुःख उसने घेतले म्हणजे ते वाटेल तसे खर्च करण्याचा अधिकार राहत नाही. बालगंधर्वांस हे कळत नव्हते असे नाही. १९१९ च्या सिंधूने ते पूर्णपणे ओळखले होते. पुढे कर्जाने, एकटेपणाने आणि आपल्या टाळ्यांनी त्यांस ते विसरावयास लावले. दोषाचा वाटा वाटावयाचा झाला तर प्रेक्षकाच्या पदरी लहान वाटा येणार नाही.

१९२९ साली ते नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. परंतु त्याच सुमारास हिराबाई बडोदेकर स्वतःच्या मंडळीसह रंगभूमीवर उतरल्या होत्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी आणि गावीही, हे घरंदाज प्रेक्षकासही मान्य होऊ लागले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून दिसल्या. ज्या पिढीतील स्त्रियांनी साडीचा पदर कसा घ्यावा, नथ कशी शोभते, हे बालगंधर्वांकडे पाहून घेतले, त्याच पिढीसमोर आता खऱ्या स्त्रिया उभ्या होत्या. 'कान्होपात्रा'ने १९३१ साली मंडळीस पुन्हा एकदा यश दिले, कारण मास्तर कृष्णरावांच्या भजनी चालींत गंधर्वांचा स्वर पुन्हा शरण गेल्यासारखा, साधा झाला होता. तेवढ्याने संसार सावरला नाही. मंडळी बंद पडली आणि १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ म्हणून आले. पुरुषाच्या वेशातील गंधर्व लोकांस परके वाटले. त्यांनाही यंत्रापुढे तुकड्यातुकड्याने करावयाचा अभिनय मानवला नाही; समोर श्वास घेणारा समाज असल्याविना त्यांचा सूर फुलत नसे. ते परत रंगभूमीकडे वळले.

मग १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांनी आपला गळा त्या वळणावर घडविला होता. पुढे १९५१ साली दोघांचा विवाह झाला. या संबंधावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. तिच्यात पडण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस त्यातील एक विलक्षण न्याय दिसतो. पुरुषाने स्त्रीचा स्वर घेऊन तीस वर्षे गायिले, आणि शेवटी तोच स्वर एक स्त्री त्याच्याकडून घेऊन त्याच्याच रंगभूमीवर उभी राहिली. उसने घेतलेले जणू घरी परत आले. उत्तरायुष्यात पायांनी साथ सोडल्यावरही बालगंधर्व भजने गात राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ साली पद्मभूषण हे मान त्यांस मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर पुढल्याच वर्षी, त्यांच्या जन्मतारखेस, २६ जून १९६८ रोजी उघडले.

आज आपल्या हाती काय उरले आहे? त्यांचा अभिनय गेला. रंगभूमीचे ते दुर्दैवच आहे. त्यांच्या प्रदीर्घ वन्समोअरच्या रात्रीही गेल्या. राहिल्या त्या ध्वनिमुद्रिका. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. रसिकांची नेहमीची हळहळ अशी की, जो गवई एक पद अर्धा-अर्धा तास रंगवी त्याला या चिमुकल्या चौकटीत कोंबावे लागले. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. त्या चौकटीने त्यांच्यावर पुन्हा एकदा देवलांचा अंकुश ठेवला. तबकडीत वन्समोअर नाही, कर्ज नाही, तिष्ठणारी पात्रे नाहीत. शब्द स्पष्ट, तान मोजकी, लय ठाम, आणि भावाला जेवढे लागते तेवढेच गाणे. मन लावून ऐका : पदाचा पहिला शब्द अजूनही कोणीतरी बोलत असल्यासारखा येतो. जळगावचा गवई आणि किर्लोस्करांचा नट तेथे पुन्हा एकत्र नांदताना ऐकू येतात.

नाट्यसंगीताचे कार्यक्रम आजही होतात, जळगावात होतात, धुळ्यातही होतात. बालगंधर्वांवरील २०११ च्या चित्रपटानंतर त्यांच्या पदांकडे तरुण मंडळी पुन्हा वळली, ही समाधानाची गोष्ट आहे. या तरुण गायकांना आमची एकच विनंती आहे. गंधर्वांची तान उचलणे कठीण असले तरी अशक्य नाही. पुष्कळांनी ती उचलली आहे. उचलावयाची आहे ती तानेआधीची गोष्ट : हे पद कोण म्हणत आहे, कोणास म्हणत आहे, आणि कोणत्या संकटात. पदातील ती बाई मनासमोर उभी राहिली तर तान किती घ्यावी हे कोणास विचारावे लागणार नाही. आणि ती उभी राहत नसेल तर एखाद्या सकाळी बहिणाबाईंचे पुस्तक उघडावे. ज्या गावाने एकाच काळात हे दोन कंठ सांभाळले, त्या गावात गाणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास एवढे करणे जड जाऊ नये.